बारावीनंतर कम्युनिटी कॉलेज: कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतून वारंवार येणारे प्रश्न

मार्चमध्ये यूसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे) प्रवेशाचे निकाल लागायला लागले की हे प्रश्न यायला सुरुवात होते आणि ऑगस्टपर्यंत थांबत नाहीत. काही आई-बाबांचे असतात, काही मुलांचे, काही मामा-मावशींचे. उत्तरं कॅलिफोर्नियातल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांपुरती आहेत. इतर राज्यांसाठी प्रश्न १७ पाहा. तारखा आणि फी दरवर्षी आपल्या कॉलेजच्या संकेतस्थळावर ताडून घ्या.

१. कम्युनिटी कॉलेज म्हणजे नेमकं काय? तिथे डिग्री मिळते का?

पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं सरकारी कॉलेज. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. बे एरियातल्या आपल्या लोकांना क्युपर्टिनोचं डी अन्झा, लॉस अल्टोस हिल्सचं फूटहिल आणि फ्रीमॉन्टचं ओलोनी ही नावं परिचयाची असतात. तिथे दोन वर्षांची असोसिएट डिग्री मिळते, व्यवसायाची प्रमाणपत्रं मिळतात आणि मोजक्या विषयांत चार वर्षांची पदवीही मिळते. फूटहिलमध्ये डेंटल हायजीनची आहे. पण आपल्याकडची बहुतेक मुलं तिथे जातात ती दोन वर्षांनी यूसी किंवा कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) मध्ये तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठी. यालाच सगळे ट्रान्सफर म्हणतात. शेवटी पदवी त्या विद्यापीठाचीच मिळते.

२. प्रवेशाला जीपीए (गुणांची सरासरी) किती लागतो? एसएटी परीक्षा?

दोन्ही लागत नाहीत. हायस्कूल पूर्ण केलेल्या कोणालाही प्रवेश असतो. कट-ऑफ, गुणवत्ता यादी, कॅप राउंड यातलं इथे काही नाही. मात्र कॉलेजात प्रवेश मिळणं आणि हव्या त्या वर्गात जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धावपळ होते ती दुसऱ्यासाठी. प्रश्न ४ वाचा.

३. खर्च किती येतो?

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात एका युनिटला (आठवड्याला साधारण एक तास वर्ग) ४६ डॉलर. वर्षाची ३० युनिटं धरली तर १,३८० डॉलर. डी अन्झा आणि फूटहिल क्वार्टर (वर्षाला दोनऐवजी तीन छोटी सत्रं) पद्धतीची आहेत. तिथे युनिटला ३१ डॉलर पडतात, पण वर्षाला ४५ युनिटं घ्यावी लागतात, म्हणजे आकडा जवळजवळ तोच. वर आरोग्य शुल्क, पार्किंग आणि पुस्तकं. बहुतेक कॉलेजांना वसतिगृह नाही, त्यामुळे मूल घरूनच जातं. तेव्हा गाडीचा विमा हा खर्च आधीच हिशोबात धरा.

रहिवासी नसलेल्यांना युनिटचा दर कित्येक पट जास्त असतो. प्रश्न १४ आणि १५ पाहा.

४. मुलाने अर्ज भरला, कॉलेजचा विद्यार्थी क्रमांकही आला. आता ऑगस्टमध्ये थेट वर्गात जायचं ना?

नाही. सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

हायस्कूलमध्ये शाळा मुलाच्या मागे असते. गैरहजर राहिला तर घरी निरोप येतो, विषय निवडायचे राहिले तर काउन्सेलर बोलावून घेतो. कम्युनिटी कॉलेजात कुणी मागे लागत नाही. अर्ज भरून तीन महिने शांत बसलेल्या मुलाला फोन करायला तिथे कुणी नेमलेलं नसतं. जूनमध्ये हायस्कूलचं दार बंद होतं, कॉलेज ऑगस्टच्या अखेरीस उघडतं (क्वार्टरवालं तर सप्टेंबरच्या अखेरीस), आणि मधल्या काळात मूल कुणाचंच नसतं. या दोन-तीन महिन्यांत घरातल्या मोठ्यांनी सोबत करायला हवी.

क्रम असा ठेवा. सीसीसी अप्लाय या संकेतस्थळावरचा अर्ज शक्यतो मार्च-एप्रिलमध्येच भरा. अर्जात शाळेने दिलेला ईमेल देऊ नका. हायस्कूल संपल्यावर तो बंद होतो आणि कॉलेजचे सगळे निरोप हवेत जातात. विद्यार्थी क्रमांक आला की कॉलेजच्या पोर्टलवर जाऊन तीन कामं करायची: ओरिएंटेशन, गणित-इंग्लिशच्या पातळीची निश्चिती (प्रश्न ६) आणि काउन्सेलरबरोबर बसून शिक्षणाचा आराखडा. नोंदणीचा लवकरचा दिवस साधारणपणे ही तीन झालेल्यांनाच मिळतो. ज्याची नोंदणी उशिरा, त्याच्या वाट्याला रात्री आठचा केमिस्ट्रीचा वर्ग नाहीतर प्रतीक्षायादी.

नोंदणी झाली की फीची मुदत पाहा. वेळेत न भरल्यास अनेक कॉलेजं नाव काढून टाकतात आणि पुढच्याला जागा देतात. पहिल्या दिवशी वर्गात हजर राहायलाच हवं, कारण न आलेल्यांची नावं प्राध्यापक कापू शकतात. प्रतीक्षायादीवरच्या मुलानेही पहिल्या दिवशी जाऊन बसावं, कापलेल्या नावांच्या जागी त्यालाच घेतात.

५. दोन वर्षं फुकट आहेत असं ऐकलं. खरं का? आमचं उत्पन्न तर जास्त आहे.

ऐकलेलं बरंचसं खरं आहे. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांची फी दोन वर्षांपर्यंत माफ करायला राज्य सरकार कॉलेजांना पैसे देतं. हा प्रॉमिस कार्यक्रम. तो कसा राबवायचा हे प्रत्येक कॉलेज ठरवतं, म्हणून तुमच्या कॉलेजचं पान वाचा. सर्वसाधारणपणे सत्राला किमान १२ युनिटं आणि भरलेला फॅफ्सा (केंद्र सरकारचा आर्थिक मदतीचा अर्ज) लागतो. जवळजवळ त्याच नावाचं एक प्रॉमिस ग्रँटही आहे, ते गरजेवर आधारलेलं असतं. दोघांची गल्लत होते.

‘आपल्याला काही मिळणार नाही’ म्हणून फॅफ्सा न भरणारी घरं बरीच आहेत. कृपया भरा. तो सहसा १ ऑक्टोबरला खुला होतो. कॅल ग्रँटची (राज्याच्या आर्थिक मदतीची) मुख्य मुदत २ मार्च असते आणि कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना २ सप्टेंबरची दुसरी संधी असते.

आणखी एक नेहमीची शंका. मूल अमेरिकन नागरिक, बाबा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, आई एच-४ या त्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर आणि तिच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही. तरी फॅफ्सा भरता येतो. पात्रता मुलाची पाहतात, पालकांच्या व्हिसाची नाही. आई-बाबा करविवरण एकत्र भरत असतील तर एकाच पालकाचं खातं पुरतं. मूल स्वतःच एच-४वर असेल तर गोष्ट वेगळी, ती प्रश्न १४ मध्ये.

६. गणिताची प्रवेश परीक्षा कठीण असते का? आधीपासून क्लास लावू का?

तशी परीक्षा आता नसते. २०१७ मध्ये झालेल्या कायद्यानंतर हायस्कूलचे गुण आणि घेतलेले विषय यांवरून पातळी ठरते, आणि उजळणीच्या वर्गांत एकेक वर्ष अडकून पडणं थांबलं. त्याची दुसरी बाजूही पाहा. इंजिनिअरिंग घेणारं मूल आता लवकर कॅल्क्युलसमध्ये जाऊन बसतं. त्याचा त्रिकोणमितीचा पाया कच्चा असेल तर क्लासचे पैसे त्या उन्हाळ्यात उजळणीवर खर्च करा.

७. विषय कोणते घ्यायचे? काउन्सेलरला विचारलं तर तो म्हणतो “तुला काय करायचंय ते सांग”.

तो बरोबर बोलतो आहे. इथे आराखडा शेवटापासून मागे आखतात. आधी मेजर (पदवीचा मुख्य विषय), मग दोन-तीन विद्यापीठं, मग त्या विद्यापीठांना त्या मेजरसाठी पहिल्या दोन वर्षांत काय हवंय, आणि त्यानंतर या सत्राचे विषय. ‘आधी जनरल करू, मग बघू’ या वाटेने गेलेल्यांना तिसरं वर्ष लागण्याची शक्यता जास्त. फिजिक्स आणि कॅल्क्युलसच्या मालिका एकामागून एकच घ्याव्या लागतात. पहिल्या सत्रात सुरुवात राहिली की पुढचं सगळं सरकतं.

यासाठीचं साधन म्हणजे असिस्ट डॉट ऑर्ग. कॉलेज निवडा, विद्यापीठ निवडा, मेजर निवडा. तुमच्या कॉलेजचा कोणता कोर्स तिथल्या कोणत्या कोर्सच्या जागी चालतो ते समोर येतं. हे अधिकृत आहे, मोफत आहे आणि त्यात मुख्यतः सरकारी विद्यापीठं आहेत. यूएससी, सँटा क्लॅरा अशा खासगी विद्यापीठांची माहिती त्यांच्याच पानावर शोधावी लागते. काउन्सेलरची भेट मिळणं कठीण असतं आणि मिळाली तरी वेळ थोडा. तेव्हा मुलाने असिस्टची पानं छापून नेली तर ती भेट सत्कारणी लागते.

दुसरा भाग सामान्य शिक्षणाचा: इंग्लिश, समाजशास्त्र, कला वगैरे. २०२५ च्या फॉलपासून (ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रापासून) यूसी आणि कॅल स्टेट दोन्हींसाठी एकच आराखडा आहे, कॅल-गेटसी. त्याआधी आयजेटसी होतं, त्यामुळे मोठ्या भावंडांच्या वह्या वापरताना सांभाळा. इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या मुलांनी मात्र मेजरचे विषय आधी धरावेत. कॅल-गेटसी पूर्ण आणि कॅल्क्युलस अर्धं अशा अर्जाला तिथे फारसा भाव नसतो.

८. टॅग म्हणजे काय? त्याने बर्कली मिळतं का?

बर्कली मिळत नाही. टॅग म्हणजे ट्रान्सफरच्या प्रवेशाची हमी. ती यूसीची सहा ठिकाणं देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत, तिथे स्पर्धेतूनच जावं लागतं. सहापैकी एकाच ठिकाणी टॅग भरता येतो, आणि त्या ठिकाणीही काही मेजर त्यातून वगळलेले असतात. सँटा बार्बराचं इंजिनिअरिंग कॉलेज हे त्याचं उदाहरण. संगणकशास्त्राच्या मुलांनी त्या वर्षीचा तक्ता नीट वाचावा.

आता तारखांकडे लक्ष द्या. दोन वर्षांत जायचं असेल तर टॅगचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, १ ते ३० सप्टेंबरमध्ये भरतात. तोवर ३० सेमिस्टर युनिटं झालेली लागतात. यूसीचा मुख्य अर्जही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जातो. म्हणजे हातात गुण असतात ते पहिल्या वर्षाचे. ‘पहिलं सत्र रुळण्यात गेलं तर काय बिघडलं’ असं मुलं म्हणतात तेव्हा त्यांना हा हिशोब दाखवा. हायस्कूलच्या गुणपत्रिकेला ट्रान्सफरमध्ये फारसं कुणी विचारत नाही, आणि नवी गुणपत्रिका मात्र पहिल्या आठवड्यापासून लिहिली जाते.

९. असोसिएट डिग्री घेणं गरजेचं आहे का?

यूसीसाठी नाही. कॅल स्टेटसाठी घ्यावी, आणि ती ट्रान्सफरची असोसिएट डिग्री असावी. ती असली की कॅल स्टेट व्यवस्थेत कुठेतरी जागेची हमी मिळते. सॅन होजे स्टेटचं संगणकशास्त्रच मिळेल अशी हमी त्यात नाही.

१०. तिने हायस्कूलमध्ये पाच एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) केलेत. ते वाया गेले का?

नाही. तीन किंवा अधिक गुणांच्या एपीने सामान्य शिक्षणाचे काही विषय सुटतात, आणि चांगल्या गुणांच्या एपी कॅल्क्युलसने पुढच्या वर्गात थेट बसता येतं. कॉलेज बोर्डाकडून अधिकृत गुण कम्युनिटी कॉलेजकडे पाठवावे लागतात, पुढे विद्यापीठाकडेही वेगळे पाठवावे लागतात. हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवर एपी लिहिलेलं आहे, एवढ्याने काम होत नाही.

११. अकरावीत असताना उन्हाळ्यात कॉलेजचा एक कोर्स घेतला होता आणि डी आला. आता नव्याने सुरुवात होईल ना?

तो डी कायमच्या नोंदीत आहे. हायस्कूलमध्ये असताना घेतलेला कोर्सही कॉलेजचाच धरतात, आणि यूसीच्या अर्जात आधीच्या प्रत्येक कॉलेजची नोंद द्यावी लागते. लपवलं आणि सापडलं तर मिळालेला प्रवेश जातो. उपाय आहे: डी किंवा एफ आलेला कोर्स पुन्हा घेता येतो. सी किंवा त्याहून वरचा मात्र गुण वाढवण्यासाठी पुन्हा घेऊ देत नाहीत. हा नियम बारावीच्या मुलांना आधीच सांगा.

१२. विषय झेपत नाहीये. सोडला तर डाग लागतो का?

किती लवकर सोडता त्यावर अवलंबून आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत सोडला तर नोंदच राहत नाही. त्यानंतर गुणपत्रिकेवर डब्ल्यू (विषय सोडल्याची खूण) लागतो. त्याने जीपीए बदलत नाही आणि एखादा डब्ल्यू कुणी मनावर घेत नाही. ती मुदतही उलटली की जो असेल तो गुण पदरात पडतो. सगळ्यात वाईट म्हणजे काहीच न करता वर्गात जाणं थांबवणं. नाव आपोआप कापलं जाईल या भरवशावर एफ आलेली मुलं पाहिली की जीव तुटतो, कारण पोर्टलवर दोन मिनिटांत तो टळला असता. डब्ल्यू धरूनही एक कोर्स सर्वसाधारणपणे तीनदाच घेता येतो. युनिटं १२ च्या खाली गेली तर आर्थिक मदत आणि पालकांच्या गाडी-विम्याची विद्यार्थी सवलत यांवर काय परिणाम होतो ते आधी विचारून घ्या.

पहिल्या सत्रात १८-२० युनिटं घेण्याचा हट्ट नको. एका युनिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास हा जुना हिशोब आहे. १५ युनिटं म्हणजे ४५ तास. वर नोकरी असेल तर १२ वरच थांबा आणि उन्हाळ्यात भरून काढा.

१३. कॉलेजला फोन केला तर ते मला मुलीचे गुण सांगत नाहीत. ती सतरा वर्षांची आहे, फी मी भरतो!

फी कोण भरतं आणि वय किती, याचा इथे संबंध नाही. फर्पा या केंद्रीय कायद्यानुसार मूल कॉलेजात शिकायला लागलं की नोंदींवरचा हक्क पालकांकडून मुलाकडे जातो. मुलीने लेखी संमती दिली तर कॉलेज बोलू शकतं. पण संमतीपत्रापेक्षा महिन्यातून एकदा तिने स्वतः पोर्टल उघडून तुमच्याशेजारी बसावं असं ठरवलं तर जास्त उपयोग होतो. तिच्या नावाने प्राध्यापकांना ईमेल लिहू नका. ते ओळखतात.

हाच बदल आयईपी किंवा ५०४ योजना (शिकण्यात अडचण किंवा अपंगत्व असलेल्या मुलांसाठी शाळेने आखलेली खास मदत) असलेल्या मुलांना जास्त जाणवतो. आयईपी हायस्कूलबरोबर संपते, कॉलेजात आपोआप येत नाही. परीक्षेला वाढीव वेळ, टिपणांची मदत, शांत खोली या गोष्टी इथेही मिळतात, पण विद्यार्थ्याने स्वतः डीएसपीएस (अशा विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या) कार्यालयात जाऊन, कागदपत्रं दाखवून मागायला हव्यात. शेवटचं मूल्यांकन आणि आयईपीची प्रत शाळा संपण्याआधी हातात घ्या आणि डीएसपीएसची भेट जून-जुलैमध्येच ठरवा. ‘आता त्याला तो शिक्का नको’ असं म्हणून बरेच पालक ही भेट टाळतात. मी हात जोडून सांगते, टाळू नका. ही माहिती प्राध्यापकांना निदानासकट दिली जात नाही आणि ट्रान्स्क्रिप्टवर येत नाही. मदत न मागितल्याने आलेला एफ मात्र येतो.

१४. मुलगा एच-४वर आहे. रहिवाशांची फी लागेल का? एकविसाव्या वर्षी काय?

एच-४ असलेल्याला कॅलिफोर्नियाचा रहिवासी होता येतं. सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस इथे वास्तव्य असावं, आणि कायम राहण्याचा इरादा कागदांवर दिसावा. कॉलेजने चुकून परदेशी विद्यार्थ्याचा दर लावला तर रेसिडेन्सी विभागाकडे कागद घेऊन जा. केंद्र सरकारची मदत, म्हणजे फॅफ्सावरची पेल ग्रँट वगैरे, एच-४ला नाही. पगारी कामही नाही, अगदी कॉलेजच्या ग्रंथालयातलंसुद्धा. पगारी इंटर्नशिपही त्यात आली.

एकविसावं वर्ष ही खरी काळजी. वाढदिवसाला एच-४ संपतो आणि ग्रीन कार्ड आलेलं नसेल तर सहसा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो. एफ-१वर नव्याने रहिवासी होता येत नाही, आणि तोवर मुलगा बहुधा यूसीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात असतो, जिथे फरकाची रक्कम फार मोठी असते. म्हणून अठराव्या वर्षीच दोन गोष्टी करा. इमिग्रेशन वकिलाकडून मुलाचं वय कायद्याने कसं मोजलं जाईल ते काढून घ्या. आणि ज्या विद्यापीठांत जायचं आहे त्यांच्या रेसिडेन्सी कार्यालयाला व्हिसा बदलल्यावर फीचं काय होईल ते लेखी विचारा. कम्युनिटी कॉलेजमध्ये वाचलेले पैसे या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवणारी घरं शहाणी.

१५. भाचा पुण्यात बारावी झाला आहे. माझ्याकडे राहून डी अन्झाला येऊ शकेल का?

येऊ शकेल, पण मामाचं घर कॅलिफोर्नियात आहे म्हणून त्याला रहिवाशाचा दर मिळणार नाही. त्याला एफ-१वर यावं लागेल, पूर्णवेळ शिकावं लागेल आणि परदेशी विद्यार्थ्याची फी भरावी लागेल. अर्जही परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातून होतो, प्रश्न ४ मधला क्रम त्याला जसाच्या तसा लागू नाही. आई-बाबांबरोबर एच-४वर आलेला असेल तर पहिलं वर्ष महाग, पुढे प्रश्न १४ प्रमाणे.

१६. मैत्रिणी यूसीएलए, पर्ड्यूला चालल्यात. मुलगी खोलीबाहेर येत नाही. मंडळात लोक विचारतात तेव्हा काय सांगू?

जे आहे ते, आणि तिच्यासमोर, सरळ आवाजात: “ती डी अन्झाला जाते आहे, तिथून ट्रान्सफर करणार.” तुम्ही आवाज खाली आणलात की ती तो ऐकते. नातेवाइकांना फोनवर ‘यावर्षी नाही झालं’ असं सांगू नका. तिचं कॉलेज या फॉललाच सुरू होतं आहे.

तिच्या दुःखाला वेळ द्या. मे महिन्यात सगळ्यांच्या अंगावर नव्या विद्यापीठाचे स्वेटशर्ट असतात तेव्हा तिला वाईट वाटणं रास्त आहे, आणि लगेच ‘पैसे किती वाचले बघ’ हे ऐकायची तिची तयारी नसते. यूसी पहिल्या वर्षाच्या साधारण दोन विद्यार्थ्यांमागे एक ट्रान्सफर घेण्याचं उद्दिष्ट ठेवते, आणि त्यातले बहुसंख्य कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतूनच येतात. हे खरं आहे आणि तिला सांगण्यासारखं आहे, पण जूनमध्ये सांगा. ऑगस्टनंतर एक गोष्ट आवर्जून घडवा: वर्ग संपल्यावर तिने लगेच गाडीत बसून घरी येऊ नये. ट्यूटरिंग सेंटर, एखादा क्लब, ऑनर्स कार्यक्रम, काहीही चालेल. घर-पार्किंग-वर्ग-घर अशी दोन वर्षं काढलेलं मूल एकटं पडतं. खोलीतून बाहेर न येणं आठवडेच्या आठवडे चाललं, जेवण-झोप बिघडली, तर डॉक्टरांशी बोला. ती २६ वर्षांची होईपर्यंत तुमच्या आरोग्य विम्यावर राहू शकते, आणि कॉलेजातही समुपदेशनाची सोय असते.

१७. आम्ही न्यू जर्सीत आहोत. हे सगळं लागू आहे का?

प्रश्न ४, १२, १३ आणि १६ जवळजवळ तसेच. बाकीचं नाही. असिस्ट, टॅग, कॅल-गेटसी हे फक्त कॅलिफोर्नियाचं. न्यू जर्सीत कॉलेजं काउंटीची (जिल्ह्याची) असतात, एडिसनचं मिडलसेक्स हे त्यातलं एक, आणि आपल्या काउंटीतल्या मुलांना फी कमी पडते. वर्गातल्या वरच्या १५ टक्क्यांत असलेल्यांनी एनजे स्टार्स शिष्यवृत्तीची चौकशी शाळेतच करावी. व्हर्जिनियात नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज आणि जॉर्ज मेसन विद्यापीठ यांचा ॲडव्हान्स नावाचा संयुक्त कार्यक्रम आहे.

१८. यूसी रिव्हरसाइड मिळालं आहे. पैसे वाचवायला एक वर्ष कम्युनिटी कॉलेज करून मग तिथे दुसऱ्या वर्षाला जाता येईल का?

नाही. सीट तुमच्यासाठी राखून ठेवत नाहीत, आणि यूसी ट्रान्सफर घेते ती मुख्यतः तिसऱ्या वर्षाला, ६० सेमिस्टर युनिटं झाल्यावर. म्हणजे सीट सोडली तर दोन वर्षांचा हिशोब करा आणि नव्याने अर्ज करा. सोडायची की नाही हे तुमच्या मदतपत्रावरच्या खऱ्या आकड्यावरून ठरवा, छापील फीवरून नको.

याच्याच जवळचा प्रश्न: हायस्कूल संपल्यावर लगेचच्या उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजचा एखादा कोर्स केला तर मिळालेला प्रवेश जातो का? जात नाही. हायस्कूलमध्ये असताना किंवा त्या उन्हाळ्यात घेतलेल्या कोर्सने मूल पहिल्या वर्षाचंच अर्जदार राहतं. फॉलच्या नियमित सत्रात नाव घातलं की पुढच्या वर्षी त्याला पहिल्या वर्षाचा अर्ज करता येत नाही, ट्रान्सफरचाच करावा लागतो. एक वर्ष थांबून पुन्हा पहिल्या वर्षासाठी प्रयत्न करायचा विचार असेल तर फॉलची नोंदणी करण्याआधी हे घरात बोलून ठरवा.